गाडीची वही

माझ्या मोटरसायकलचं आजवरचं सगळ्यात मोठं नुकसान मी स्वतः केलंय, तेही साधं इंजिन ऑइल बदलताना. खालचा ड्रेन बोल्ट बसवला, घट्ट झाला, आणि मनात आलं, अजून जरासा. तो जरासा आधी जड गेला आणि मग एकदम हलका झाला. बोल्ट बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत बारीक तार गुंडाळलेली, स्प्रिंगसारखी. ती तार म्हणजे चेंबरचे, इंजिनच्या खालच्या कवचाचे, आटे. बोल्ट पोलादाचा, चेंबर ॲल्युमिनियमचं, तेव्हा दोघांच्या ओढाताणीत कोण हरणार हे ठरलेलंच. शेवटी भोक मोठं करून, नवे आटे पाडून आत हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळीचे तयार आटे, बसवून घ्यावं लागलं. ते अजून टिकून आहे, पण त्या बोल्टला हात लावताना मी आजही श्वास रोखते.

गाडी १०० सीसीची, एका सिलिंडरची, वाऱ्यावर थंड होणारी, कार्बोरेटरवाली. आधी दादाने वापरली, मग माझ्याकडे आली. आता तिला १९ वर्षं झाली. मीटर पाच आकडी असल्यामुळे ९९,९९९ नंतर तो परत शून्यावर आला. आज तो ७,४१२ दाखवतो, मी वहीत लिहिताना त्यात एक लाख मिळवते. रोजचं जाणं-येणं ३८ किलोमीटर. मी प्रयोगशाळेत नमुने तपासायचं काम करते, मिस्त्रीकाम कुठे शिकलेले नाही. जे येतं त्यातलं निम्मं मॅन्युअल वाचून आलंय आणि निम्मं काहीतरी मोडून.

प्रयोगशाळेतली एक सवय मात्र इथे कामाला आली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. हेही उशिराच सुचलं. एकदा गाडी मिस मारायला, म्हणजे मधूनच झटके खायला लागली. एका दुपारी मी प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, एअर फिल्टर नवा टाकला. संध्याकाळी गाडी मिस मारतच होती, वर आता स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, चालूही राहत नव्हती. आता दोष जुना की मी नवा घातलेला, काय कळणार? तीन दिवसांनी सापडलं ते भलतंच. प्लग कॅप आणि जाड वायर यांचा जोड आतून हिरवा पडला होता. ही कॅप वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. ती उलटी फिरवून काढली, वायरचं टोक अर्धा सेंटिमीटर कापलं, तांबं स्वच्छ दिसल्यावर कॅप परत फिरवून बसवली. काम दोन मिनिटांचं. नवा प्लग मी परत काढून ठेवला, जुनाच चालतोय.

तेव्हापासून वही. तारीख, किलोमीटर, काय दिसलं, काय केलं, कोणता सुटा भाग कुठल्या मापाचा. किती स्क्रू निघाले आणि किती परत गेले, हेही. हसू नका, मला एकदा रात्री दहाला एक स्क्रू उरलेला सापडलाय.

हत्यारं

महागडा संच नको. ८, १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरचे रिंग पाने घ्या. उघड्या तोंडाच्या पान्याने जुना नट सोडवायला गेलात तर त्याचे कोपरे गोल होतात. प्लगचा पाना माझ्या गाडीला १६ चा लागतो. फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, आणि साधा मल्टिमीटर हवाच. आणि एक इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे मागून हातोडी मारली की जोराने थोडासा फिरणारा. इंजिनच्या कव्हरांवर फुलीच्या खाचेचे स्क्रू असतात. जपानी आराखड्याच्या गाड्यांवर ही फुली नेहमीच्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरसारखी दिसते, पण तशी नसते. फिलिप्सचं टोक तळाला पोचत नाही, मग ते वर सरकतं आणि खाच खाऊन टाकतं. जेआयएस (जपानी मानक) असं लिहिलेला स्क्रू ड्रायव्हर मिळाला तर घ्या. नाहीच मिळाला तर आधी स्क्रूच्या डोक्यावर दोन हलक्या हातोड्या मारा, मग वरून शरीराचा भार देऊन फिरवा. ‘गंजलाय म्हणून निघत नाही’ असं ज्याच्याबद्दल म्हणतात, तो बहुतेक वेळा आधीच्या हाताने खाच मारलेला स्क्रू असतो.

ऑइल

ऑइल कोमट इंजिनातून काढावं. पाच मिनिटं फिरवून आणलेली गाडी पुरते, तासभर पळवून आणलेली नको, मनगट भाजतं. गाडी मेन स्टँडवर, जमीन सपाट. ड्रेन बोल्टचं वायसर दरवेळी नवं घाला. ते मऊ असतं, एकदा दबलं की पुन्हा नीट दबत नाही. मग ऑइल पाझरतं, मग माणूस पान्याला जोर लावतो, आणि पुढचं मी वर सांगितलंच आहे. अशा १२ मिलिमीटर आट्यांच्या बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर इतकाच पीळ पुरतो. वीतभर लांबीचा पाना धरलात तर टोकाला बारा-तेरा किलोचा जोर, खांद्यातून नव्हे, नुसत्या मनगटातून.

ऑइलच्या डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचं जपानी मानक) असं लिहिलेलं आहे का ते पाहा. या गाड्यांत क्लच प्लेटा इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. काही ऑइलं घर्षण कमी करण्यासाठी बनवलेली असतात. ती गिअरलेस स्कूटरला चालतात, कारण तिथला क्लच कोरडा असतो. आपल्या गाडीत त्याच ऑइलने प्लेटा घसरायला लागतात. जाडी मॅन्युअल सांगेल ती, माझ्या गाडीला १०डब्ल्यू-३०. पातळी बघताना काडी पुसून भोकात नुसती टेकवायची की आटे फिरवून बसवायची, हे गाडीगणिक वेगळं असतं. माझ्या गाडीत नुसती टेकवतात. मी दोन वर्षं फिरवून बघत होते, म्हणजे काडी जास्त खोल जात होती, म्हणजे दोन वर्षं ऑइल कमी होतं आणि मला पुरेसं दिसत होतं.

आता एक गोष्ट जी सर्व्हिसिंगमध्ये सहसा होतच नाही. माझ्या गाडीला कागदी ऑइल फिल्टर नाही. या घराण्यातल्या बऱ्याच जुन्या छोट्या इंजिनांना नसतो. त्याऐवजी उजव्या कव्हराच्या आत, क्रँकच्या टोकावर एक बंद वाटी असते. ती इंजिनच्या वेगाने गरगरते, ऑइल तिच्यातून जातं आणि त्यातला जड मळ भिरकावला जाऊन कडेला चिकटतो. ती वाटी कोणीतरी उघडून पुसली तरच साफ होणार. मी पहिल्यांदा उघडली तेव्हा गाडी ८४ हजार किलोमीटर चालली होती. किकचा दांडा काढला, क्लचची केबल सोडली, कव्हर काढलं, वाटीवरचे तीन स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरने हलवले. आत कडेने बोटाच्या पेराएवढा जाड, काळाकुट्ट, ग्रीससारखा थर. चिमूटभर बोटांवर चोळला तर खाली चंदेरी चमक: एवढ्या वर्षांत झिजलेलं बारीक धातूचं पीठ. पीठ असणं साहजिक आहे. त्यात नखाने उचलता येतील असे तुकडे किंवा कपच्या दिसल्या असत्या तर मी इंजिन पुढे चालवलं नसतं. लाकडी काडीने खरवडून, रॉकेलने पुसून, कव्हराला नवं पॅकिंग घालून सगळं बंद केलं. त्याच कव्हराखाली ऑइलची जाळीही असते, तीही धुवा.

टॅपेट

जुन्या गाडीचं टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांचा जोड) वाजतं म्हणून लोक घाबरतात. मला वाजणाऱ्या टॅपेटची भीती वाटत नाही, गप्प झालेल्या टॅपेटची वाटते. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक वर्षानुवर्षं एकमेकांवर आपटून झिजतात, व्हॉल्व्ह हळूहळू डोक्यात वर सरकतो आणि वरची फट कमी होत जाते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता बैठकीला टेकूनच सोडतो. टेकायलाच मिळालं नाही तर तो जळतो. बाहेरून काय दिसतं? गाडीचा आवाज छान गोड येतो, आणि सकाळी किक मारमारून पाय दुखतो.

इंजिन पूर्ण गार हवं, शक्यतो रात्रभर उभं. प्लग काढून टाका म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. डाव्या कव्हरावरच्या दोन गोल टोप्या काढा. मधल्या मोठ्या टोपीआड क्रँकचा नट असतो, वरच्या छोट्या टोपीतून फ्लायव्हीलची कड दिसते. सिलिंडर हेडवरची दोन्ही टॅपेट झाकणं काढा. आता क्रँकचा नट पान्याने हळूहळू फिरवायचा. गाडी पुढे जाते त्याच दिशेने, म्हणजे डावीकडून बघताना घड्याळाच्या उलट. फ्लायव्हीलवरची ‘टी’ ही खूण खाचेसमोर आली की थांबा.

इथे नवखा माणूस फसतो. चार-स्ट्रोक इंजिनात ही खूण दोनदा येते: एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. आपल्याला कॉम्प्रेशनची हवी. ओळख सोपी आहे. दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघा. दोन्ही किंचित टकटक हलले तर बरोबर जागा. एखादा घट्ट असेल तर क्रँक अजून एक पूर्ण फेरा फिरवा आणि परत बघा. फट अगदीच संपलेली असेल तर बरोबर जागेवरही रॉकर हलणार नाही, तेव्हा एका फेऱ्यानंतर दोन्हींतली जागा कोणती ते इनटेक व्हॉल्व्हकडे बघून ठरवा. तो उघडून मिटल्यानंतर लगेच येणारी ‘टी’ ती कॉम्प्रेशनची.

माझ्या गाडीला फट ०.०५ मिलिमीटर लागते. छपाईच्या साध्या कागदाची जाडी साधारण ०.१ असते, म्हणजे त्याच्या निम्मी. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्याच मॅन्युअलमधून घ्या. शेजारच्या गाडीचा चालत नाही. फीलर गेजची पाती फटीत सरकवल्यावर पुस्तकाच्या दोन पानांमधून कागद ओढताना लागतो तेवढा अडसर जाणवला पाहिजे. अडसर जास्त असेल तर लॉक नट सैल करून वरचा स्क्रू किंचित उलटा फिरवा. मग स्क्रू तसाच पकडून ठेवून लॉक नट आवळा आणि पाती परत घालून बघा. ही शेवटची पाती सोडू नका, कारण नट आवळताना स्क्रू सोबत फिरतोच. माझा पहिल्या वेळी चार वेळा फिरला. संशय राहिला तर फट थोडी जास्त ठेवा. जरा टकटकेल, एवढंच.

पेट्रोल आणि हवा

चालता चालता गाडी बंद पडते, दहा मिनिटं थांबलं की सुरू होते, परत काही किलोमीटरने बंद. अशा वेळी कार्बोरेटर उघडण्याआधी टाकीचं झाकण उघडा. सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. पेट्रोल खाली जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि धार थांबते. भोक साफ करा, झालं.

चोक ओढला तरच चालते, चोक सोडला की मरते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. स्लो जेट (कमी वेगात पेट्रोल सोडणारी कार्बोरेटरमधली बारीक भोकाची नळी) बुजलेला असतो किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडातून फुकटची हवा आत शिरत असते. आधी जोडाचे दोन बोल्ट आणि तिथली ओ-रिंग बघा, ते सोपं आहे. मग कार्बोरेटरच्या पोटाखालचा ड्रेन स्क्रू सोडून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि बाटली थोडा वेळ ठेवून द्या. तळाशी वेगळा थर किंवा मण्यांसारखे थेंब दिसले तर ते पाणी. तपकिरी चुरा दिसला तर टाकी आतून गंजतेय. मग जेट कितीदाही धुवा, महिन्याने परत तेच, आधी टाकी धुवून चांगला फिल्टर लावायला हवा. हे सगळं उघड्यावर, आसपास ज्योत किंवा ठिणगी नसताना.

जेटमध्ये पोलादी तार किंवा सुई घालू नका. जेट पितळेचा, भोक मिलिमीटरच्याही काही अंशाचं. एक ओरखडा आला की माप बदललं. मी विजेच्या मऊ वायरमधला तांब्याचा एक केस वापरते, तोही क्लीनर आणि हवेच्या फवाऱ्याने भागलं नाही तरच. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलकेच आत टेकेपर्यंत फिरवा, किती फेरे बसले ते मोजा आणि लिहा. नाहीतर बसवताना अंदाजपंचे. टेकवताना दाबू नका, टोक नाजूक असतं.

फोमचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुवायचा, पूर्ण वाळवायचा, ऑइलचे थेंब देऊन पिळायचा. कागदी असेल तर झटका आणि बदला, धुऊ नका.

चेन

चेन साफ करताना किंवा तिला ऑइल देताना इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चाक फिरवायचं नाही. मी ज्या मिस्त्रींकडे आधी जायचे त्यांच्या उजव्या हाताचं एक पेर नाही, आणि ते कुठे गेलं हे विचारायची गरज पडली नाही. इंजिन बंद, न्यूट्रल, चाक हाताने.

स्वस्त गाड्यांची चेन बहुधा ४२८ मापाची, ओ-रिंग नसलेली. दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर, तेव्हा ताणून धरलेल्या चेनीवर २१ पिना मोजल्या की पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत २५४ मिलिमीटर भरायला हवेत. २५९ च्या आसपास गेली तर चेन संपली. स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या चाकांच्या, दातांकडेही बघा. लाटेसारखे एका बाजूला झुकले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदला. जुन्या दातांवर नवी चेन चढवली की दात तिला काही महिन्यांत आपल्यासारखी करून टाकतात.

ब्रश आणि रॉकेलने धुवून, पुसून, ९० नंबरचं गिअर ऑइल द्या. कधी? घरी पोचल्यावर, चेन कोमट असताना, म्हणजे रात्रभरात ते रोलरच्या आत मुरतं. सकाळी निघताना दिलेलं ऑइल चाकाच्या रिमवर आणि सलवारीवर जातं.

ढील मोजताना चाक फिरवत चेनची सगळ्यात ताठ जागा शोधा आणि तिथे मोजा. जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. माझ्याकडे खालच्या पट्ट्याची वरखाली हालचाल २० ते ३० मिलिमीटर. ताणायची असेल तर ॲक्सलचा नट सैल, ब्रेक प्लेटच्या टाय रॉडचा नटही सैल, मग दोन्ही बाजूंचे नट सारखेच फेरे. चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणा बरोबर असतीलच असं नाही. मागे बसून, एक डोळा मिटून चेन एका रेषेत जाते का ते बघा. चाक मागे सरकलं की मागच्या ब्रेकचा रॉड ताणला जातो, पेडलची मोकळीक संपते आणि ब्रेक किंचित धरून राहतो. म्हणून चेन ताणली की ब्रेक परत सेट करायचाच. टाय रॉडची पिन विसरू नका. तो रॉड सुटला तर ब्रेक दाबताच आतली प्लेट चाकाबरोबर फिरू बघते.

चेन लॉकची क्लिप बसवताना तिचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवं.

ब्रेक, टायर आणि बाकीचं डुगडुगणारं

ड्रमच्या बाहेर, ब्रेकच्या आर्मपाशी एक बाण असतो आणि प्लेटवर खूण. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेवर आला तर लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) संपले. केबल कितीही ताणा, आता उपयोग नाही. ड्रम उघडलात तर आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रमच्या आत कमाल व्यास कोरलेला असतो, माझ्याकडे १११ मिलिमीटर, मूळ ११०. लायनर गुळगुळीत चकाकत असतील तर पॉलिश पेपरने चमक काढा. कॅमला (लायनर पसरवणाऱ्या दांड्याला) ग्रीसचं अगदी पातळ बोट, जास्तीचं ग्रीस लायनरवर गेलं तर लायनर फेकावे लागतात. चाक परत बसवताना ॲक्सल आवळण्याआधी ब्रेक दाबून धरा आणि तसाच ठेवून नट आवळा. लायनर ड्रमच्या मधोमध बसतात आणि ब्रेकला जो मऊपणा असतो तो जातो. एवढ्या एका गोष्टीसाठी मला दुसरं माणूस लागतं, भाचीला पेडलवर उभं करते.

टायरची जाडी सगळे बघतात, वय कोणी बघत नाही. बाजूला चार आकडे असतात: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दादाच्या काळातला माझा पुढचा टायर नक्षीने चांगला होता, पण बाजूने केसासारख्या भेगा. ओल्या रस्त्यावर तो मला एकदा सांगून गेला, पडले नाही एवढंच.

मेन स्टँडवर मागून कोणाला तरी दाबायला लावून पुढचं चाक उचला. फोर्कचे दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे ढकला: खट् लागलं तर कोन सेट (हँडलच्या मानेतली बेअरिंग) सैल. मग हँडल हळूच एका बाजूकडून दुसरीकडे न्या. बरोबर मध्यावर अडकल्यासारखं झालं तर वाट्यांत गोळ्यांचे खड्डे पडलेत, आवळून सुटणार नाही, सेट बदलावा लागतो. मागचं चाक धरून आडवं हलवा, चिमट्याचे बुश तिथेच कळतात.

क्लचच्या लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळीक ठेवा. ‘क्लच कडक हवा’ म्हणून शून्य ठेवली तर प्लेटा कायम थोड्या घसरत राहतात. केबल तुटते ती लिव्हरच्या टोकाशी, आणि तुटण्याआधी तिथला एकेक तंतू सुटलेला दिसतो. महिन्यातून एकदा बघितलं तर रस्त्यात ढकलायची वेळ येत नाही.

वीज

मल्टिमीटर बॅटरीला लावा. गाडी रात्रभर उभी असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२ च्या खाली असेल तर बॅटरी जवळपास रिकामी. इंजिन चालू करून रेस दिल्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा. वाढतच नसेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला, आणि वारंवार बल्ब का उडत होते याचंही उत्तर मिळालं. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतो, थेट इंजिनच्या कॉइलवर चालतो. म्हणून स्लोवर तो मंद होतो. तो दोष नाही, बॅटरी बदलून तो जाणार नाही. हे मला बॅटरी बदलल्यावर कळलं. इंडिकेटर विचित्र वागतात, हॉर्न दाबला की दिवा मिणमिणतो, असलं काही असेल तर अर्थची वायर चौकटीला जिथे स्क्रूने बसवलेली असते ती जागा पॉलिश पेपरने घासून बघा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नका, त्यानंतर फ्यूजचं काम वायरिंग करतं.

धूर

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. एअर फिल्टर आणि चोक बघा. गारठ्यात सुरुवातीला पांढरा आणि लगेच विरणारा म्हणजे वाफ. निळा म्हणजे ऑइल, आणि तो कधी येतो त्यावर सगळं आहे. सकाळी सुरू करताना भसकन येऊन थांबतो, किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून आल्यावर परत दिला की येतो: तर व्हॉल्व्हचे सील. रेस देताना सतत येत राहतो: तर पिस्टनच्या रिंगा. खात्री करायची असेल तर प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, किका मारा, आकडा लिहा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वर गेला तर रिंगांची झीज, कारण ऑइलने त्यांची फट तात्पुरती बुजवली. फारसा हलला नाही तर व्हॉल्व्हकडे बघा.

माझी सकाळी एकदा निळं धुरते. ओल्या चाचणीत आकडा जेमतेम हलला. टॅपेट बरोबर होते. हजार किलोमीटरला साधारण १५० मिलिलिटर ऑइल जातं, ते वरून भरते. ‘हाफ इंजिन करून टाका’, म्हणजे इंजिनचा वरचा भाग उघडून दुरुस्त करा, असं मला दोघांनी सांगितलंय. सील बदलायला हेड काढावंच लागेल, तेव्हा व्हॉल्व्हही घासून घेईन, पण ते १५० चे ३०० झाले की. तोवर दर रविवारी काडी.

वहीतली कालची नोंद: १,०७,४१२. पुढच्या चाकाचं डावं बेअरिंग बोटाने फिरवलं की खरखरतंय. नंबर ६३०१, म्हणजे आतून १२, बाहेरून ३७, जाडी १२ मिलिमीटर. दोन आणून ठेवलीत. ठोकताना फक्त बाहेरच्या कडीवर, जुनं बेअरिंग मध्ये धरून. आतल्या कडीवर ठोकलं तर नवं बेअरिंग बसण्याआधीच खराब होतं. उजवं अजून चांगलं आहे, पण चाक उघडलंच आहे आणि दोघं एकाच वयाची, म्हणून एका वेळी एकच गोष्ट हा नियम रविवारी मोडणार आहे. तसं वहीत आधीच लिहून ठेवलंय.